वंशावळ कपाटात ठेवू नका, वाटून टाका

आपल्याकडं कुठलंही कार्य असू दे, लग्न, वास्तुशांती, कुणाची पंच्याहत्तरी, पाहुण्यांना द्यायचं काय यावर घरात आठवडाभर चर्चा चालते आणि शेवटी टॉवेल-टोपी, ब्लाऊजपीस नाहीतर स्टीलचा डबा यातलंच काहीतरी ठरतं. माझं मत विचाराल तर घराण्याची माहिती छापलेली एक साधी पुस्तिका द्या. वीस-तीस पानं, झेरॉक्स काढून पिन मारलेली असली तरी चालेल. आमच्या घरात आम्ही दिली, म्हणून सांगतेय, एवढ्या प्रेमानं जपलेली दुसरी कुठली भेट मी आमच्या नात्यात तरी बघितली नाही.

आणि "पूर्ण झाल्यावर वाटू" असं म्हणत थांबू नका, हे मला कळकळीनं सांगायचंय. आपल्यात असं कितीतरी घरात झालंय की एखादे काका नाहीतर आजोबा रिटायर झाल्यावर वहीत सगळं लिहून काढतात, कागद गोळा करतात, गावाला जाऊन देवळाच्या पायरीवरची नावंसुद्धा उतरवून आणतात, आणि अजून एक शाखा राहिलीय, अजून एक फोटो मिळायचाय म्हणत वही कपाटातच राहते. पुढं ते जातात, घर विकलं जातं, सामान रद्दीत जातं. वंशावळ कधी पूर्ण होतच नाही हो. दर वर्षी कुणीतरी जन्मतंय, कुणाचं लग्न होतंय, मग पूर्ण होणार कधी? जेवढं सापडलंय तेवढं छापा, मागं कोरी पानं सोडा आणि वाटून टाका.

कोरी पानं का ते सांगते. आमच्या वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४८ आहे. आता १ जून ही काय भानगड असते हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापाला तारीख माहीत नसायची, मग गुरुजी जनरल रजिस्टरला १ जून टाकायचे आणि पोरगं पहिलीत बसायचं. आमच्या घरात सख्खे-चुलत धरून निम्म्या लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. पुस्तिकेत आम्ही दाखल्यावरचीच तारीख छापली होती आणि शेजारी "शाळेच्या दाखल्यानुसार" असं लिहिलं होतं. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमची मोठी आत्या राहते, ऐंशीच्या पुढची, लिहिता-वाचता येत नाही. नातीनं तिला एकेक पान वाचून दाखवलं, आणि वडिलांच्या नावापाशी आल्यावर आत्यानं हात वर केला. "थांब, खोटं लिवलंय ह्ये. तुझा आज्जा दिवाळीतला हाय. गिरणीला टाळं लागलं हुतं, आमचं बाबा घरीच बसून हुते, पहिल्या आंघुळीला घरात तेल नव्हतं आन् तवाच ह्यो जन्मला. मी सहा वर्साची हुते, शेजारनं वाटीत तेल मागून आणलं मीच."

आता हे एवढंसं वाक्य घेऊन बसलं की काय काय उलगडतं बघा. गिरणी म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७७ ची, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. ती ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली होती आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. ते प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, त्यामुळं तारखा कोर्टाच्या निकालात सरळ मिळतात. म्हणजे टाळं लागलेलं असताना आलेली दिवाळी १९४९ चीच. वडिलांचं वय दाखल्यापेक्षा जवळजवळ दीड वर्षानं कमी निघालं, आणि त्याच्याबरोबर आजोबा तेव्हा बेकार होते, घरात तेलाचा थेंब नव्हता, शेजारणीनं वाटी भरून दिली, हेही कळलं. दाखल्यात यातलं काही मिळालं असतं का? आत्याला नुसतं "वडील कधी जन्मले गं" असं विचारलं असतं तर "काय ठावं बाई" एवढंच म्हणाली असती. समोर छापलेलं वाचून दाखवलं, ते तिला पटलं नाही, म्हणून ती बोलली. वाटायचं ते यासाठी.

आपल्या सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसांकडं तारखा नसतात, पण खुणा पक्क्या असतात. इंग्रजांनी इथं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावला ते साल म्हणजे मे १९३०, सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली ती संक्रांत म्हणजे जानेवारी १९३१, निजामाकडची माणसं इकडं पळून आली ते १९४८, लाल मिलो ज्वारी खाल्ली तो ७२ चा दुष्काळ, आणि किल्लारीचा भूकंप म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. या खुणांची एक छोटी यादी पुस्तिकेत पहिल्याच पानावर टाका. वय विचारू नका, "मार्शल लॉच्या आधी का नंतर" असं विचारा, लगेच उत्तर मिळतं.

आता बायकांबद्दल. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण मला ते फार लागलंय.

आपल्या वंशावळी बापाकडून मुलाकडं चालतात. आमच्या मूळ गावात, मंगळवेढ्याकडं, हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, घराण्याची नावं पिढ्यान्‌पिढ्या वहीत लिहिलेली, ती खड्या आवाजात वाचून दाखवणार, नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेणार, धान्य-कापड-पैसे घेऊन पुढच्या गावाला जाणार. केवढी मोठी विद्या आहे ती, त्यांच्या वह्या नसत्या तर आमची चार पिढ्यांपलीकडची नावं कधीच मिळाली नसती, त्यांचे उपकार मानावे तेवढे कमी. पण त्या वाचनात आमच्या घरातल्या मुली नव्हत्या. पंढरपूरला, नाशिकला उपाध्यांच्या नामावळीत तीर्थाला आलेल्या बायकांची नावं थोडीफार मिळतात, सासू-सुना एकत्र गेलेल्या असतात म्हणून. आमच्या पणजोबांच्या बहिणी तर कागदावर पहिल्यांदा दिसल्या त्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, बाप वारल्यावर वारस नोंद झाली तेव्हा, आणि त्याच्या पुढच्याच फेरफारात हक्कसोड. नाव आलं आणि लगेच कमी झालं. तलाठ्याच्या त्या दोन ओळींवर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले होते.

त्यात आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ घ्यायचे, अंगठीनं नवं नाव लिहायचं, संपलं. म्हणजे माहेरच्या कागदात एक नाव, सासरच्या कागदात दुसरं, आणि मधला धागा कुठंच लिहिलेला नाही, तो फक्त माणसांच्या डोक्यात. ती माणसं गेली की ही बाई कुणाची कोण हे कायमचं पुसलं जातं. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक बाईची दोन्ही नावं, माहेरचं गाव, माहेरचं आडनाव, आई-वडिलांची नावं आलीच पाहिजेत, आणि लेकींच्या लेकरांची शाखा सुनांच्या लेकरांएवढ्याच जागेत आली पाहिजे. "त्या आता दुसऱ्या घरच्या" म्हणून गाळणारे भेटतात, मला ते अजिबात मान्य नाही. रक्त तर तेच आहे ना? पुस्तिकेची प्रतसुद्धा लेकीला वेगळी द्या, तिच्या नावानं. भावाच्या घरी एक दिली म्हणजे पोचलं असं धरू नका.

हे काम करताना लोक संशय घेणार, त्याची तयारी ठेवा. जुने फेरफार काढायला गेलं की गावात लगेच बातमी, "वाटणी मागायला आलीय." मलाही ऐकावं लागलं. पण मी चिडले नाही, कारण आपल्याकडं वंशावळ आजवर दोनच कामाला लागत आलीय, जमिनीच्या भांडणाला आणि जात पडताळणीला. पडताळणीला बापाकडच्या रक्तनात्यातला जुना पुरावा लागतो, ओबीसी असेल तर १९६७ च्या आधीचा, मग कधी ओळख नसलेल्या चुलत चुलत्याच्या दारात माणसं दाखल्याची झेरॉक्स मागायला उभी राहतात. काम झालं की परत ओळख नाही. कुणी नुसतं प्रेमानं माहिती घेतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि त्यावर उपाय एकच, घेतलेली माहिती परत त्यांच्याच हातात छापून देणं. पहिली पुस्तिका गावात गेल्यावर ज्यांनी दार लावून घेतलं होतं त्यांच्याच घरातून आजोबांचा गिरणीतला पास आणि लग्नातला फोटो आला.

सगळं छापायचं नसतं हेही सांगायला पाहिजे. गट नंबर, आधार, जिवंत माणसांची पूर्ण जन्मतारीख, फोन, हे नको. कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाचा आजार, दत्तक, हे ज्याचं त्याला विचारल्याशिवाय नको. कुणी नको म्हटलं तर नको. भांडणं तर अजिबातच नकोत, तीन पिढ्यांपूर्वीचा बांधाचा वाद नातवंडांच्या हातात देऊन काय करायचंय.

कागद शोधायला कुठं जायचं असं खूप जण विचारतात म्हणून थोडक्यात. शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलमधलं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, त्यात जुने जन्म-मृत्यू सापडतात, आणि फेरफार, सात-बारा. जुने कागद बरेच मोडी लिपीत आहेत, मोडी वाचणारे आपल्याकडं अजून आहेत, त्यांना योग्य मोबदला देऊन वाचून घ्या. एक मात्र ध्यानात ठेवा, आजचा सोलापूर जिल्हा तेव्हा एका कारभाराखाली नव्हता. मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, अक्कलकोट स्वतःच संस्थान, बार्शीच्या पलीकडं गेलं की निजामाचा मुलूख. त्यामुळं इथं सोलापुरात कागद नाही मिळाला म्हणजे तो नाहीच असं समजू नका. आमच्या शेजारच्या पद्मशाली घरांचं मूळ तर तेलंगणात, त्यांचे आजे-पणजे मागावर बसायला इथं आले, त्यांचा शोध तिकडच्या गावात जाऊनच लागतो.

आणि हे सगळं फॅमिली ग्रुपवर पीडीएफ टाकून भागत नाही. आम्ही टाकली होती, अंगठे आले, हात जोडलेले आले, आणि संध्याकाळपर्यंत ती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली कुठं गेली ते कळलं नाही. फोन बदलला की तीही गेली. पीडीएफ जरूर ठेवा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर चेहरे पुसट होतात, पण म्हाताऱ्या माणसाच्या हातात कागदच द्या, मोठ्या अक्षरातला. ती माणसं चष्मा लावून पान उलटतात, फोटोवर बोट ठेवतात, शेजारणीला बोलावून दाखवतात, आणि त्या बोटाबरोबर माहिती बाहेर येते.

आमची पुढची आवृत्ती गड्ड्याच्या यात्रेआधी काढायचीय. संक्रांतीला सिद्धेश्वरच्या यात्रेला सगळे पाहुणे सोलापुरात येतात, नंदीध्वज बघून झाले की दुपारी घरीच असतात, तेव्हाच वाटायची आणि तेव्हाच दुरुस्त्या लिहून घ्यायच्या. पणजोबांची धाकटी बहीण कर्नाटकात इंडीकडं दिलेली, तिची सगळी लेकरं-नातवंडं तिकडंच, घरात कन्नड बोलतात, मराठी समजतं पण वाचता येत नाही. त्यांची पानं यंदा कन्नडमध्ये छापणार आहोत, मजकूर त्यांच्याच घरातली सून लिहून देतेय.