आमदारकी, खासदारकी आणि एक पाय

वकिलीची सनद खिशात आहे, निवडणुकीची खुमखुमीही आहे, पण चारित्र्याचं ओझं वाटतंय? मग न्यूयॉर्कच्या डॅनियल सिकल्स यांचा कित्ता गिरवा. राज्याच्या विधिमंडळात असताना हे महाशय एका वेश्येला थेट सभागृहात घेऊन गेले. सभागृहाने ठपका ठेवला. ठेवू दे. पुढे खासदारकी मिळालीच की!

खून करायचाच झाला तर आडबाजूला करू नका. २७ फेब्रुवारी १८५९, रविवार, भर दिवसा, व्हाइट हाउससमोरचा चौक. बायकोचा प्रियकर, ‘की’ आडनावाचा फिलिप बार्टन, हातरुमाल हलवून तिला खुणा करत होता. हा गृहस्थ राजधानीचा सरकारी वकील. म्हणजे असल्या खुनाचा खटला एरवी त्यानेच चालवला असता. सिकल्स पिस्तुलं घेऊन धावले. बिचाऱ्याच्या हाताशी होती नाटकाची दुर्बीण, तीच त्याने फेकून मारली.

कोर्टात म्हणा, ‘त्या वेळेपुरतं वेड लागलं होतं.’ हा बचाव अमेरिकेत पहिल्यांदा चालला तो इथेच. वकिलांच्या फौजेत एडविन स्टॅंटन होते, पुढे लिंकनचे युद्धमंत्री झाले ते. बायकोचा हस्तलिखित कबुलीजबाब छापून आला. तुमच्या स्वतःच्या भानगडी? त्या कोण विचारतो! सिकल्स निर्दोष सुटले, लोकांनी जल्लोष केला.

आता खबरदारी घ्या. सुटल्यावर सिकल्सनी त्याच बायकोला माफ करून पुन्हा घरात घेतलं आणि लोक खवळले. खून खपला होता, क्षमा खपली नाही. तेव्हा कृपा करून माफबिफ करू नका.

नाव फारच खराब झालं तर युद्ध शोधा. लष्करी शिक्षण नसलं तरी जनरल होता येतं. १८६३ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत वरिष्ठांचा हुकूम नसताना सैन्य पुढे काढा, त्याची वाताहत होऊ द्या, तोफगोळ्याने उजवा पाय गमवा आणि स्ट्रेचरवर सिगार ओढत निघा. पाय वाया घालवू नका. लष्करी वैद्यकीय संग्रहालयाला भेट द्या, सोबत आपलं कार्ड जोडा आणि दरवर्षी जाऊन बघून या. १८९७ मध्ये त्याच लढाईबद्दल सर्वोच्च शौर्यपदक मिळेल.

न्यूयॉर्कच्या युद्धस्मारक समितीचं अध्यक्षपद मात्र सोडू नका. सिकल्सनी नव्वदी ओलांडली तेव्हा तिथल्या सुमारे २८ हजार डॉलरचा हिशेब लागेना. गेटिसबर्गला त्यांच्या ब्रिगेडच्या स्मारकात अर्धपुतळ्याची जागा आजही रिकामी आहे. ते पैसेही त्यांनीच खाल्ले अशी वदंता आहे. तुम्ही निदान पुतळा आधी बसवून घ्या.