२५२० : लसावि आहे राजेहो, गूढ नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा : "२५२० ही जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० या सगळ्यांनी भाग जातो. ती रामानुजन यांनी शोधली. गुपित? आठवड्याचे दिवस ७ × महिन्याचे दिवस ३० × वर्षाचे महिने १२!" नागपुरातले ग्रुपही याला अपवाद नाहीत. यातला भागाकार आणि गुणाकार तेवढे बरोबर आहेत.

"एकमेव" म्हणाल, तर ५०४०, ७५६०, १००८० यांनाही १ ते १० ने निःशेष भाग जातो. २५२० चा पाढा म्हणत राहा, संपायचा नाही. त्यातली सर्वांत लहान ती २५२०. म्हणजेच १ ते १० चा लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य), शाळेत काढतो तोच.

लसावि काढताना घोळ कुठे होतो? १ ते १० सरळ गुणले तर ३६२८८०० येतात, हव्या त्या उत्तराच्या १४४० पट. कारण ६ मधले २ आणि ३ आधीच येऊन गेलेले असतात, ते पुन्हा गुणले जातात. प्रत्येक मूळ संख्येचा मोठ्यात मोठा घात एकदाच घ्यायचा : ८ मधून २×२×२, ९ मधून ३×३, शिवाय ५ आणि ७. झाले, ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० फुकटात येतात. १ ते ९ चा लसाविही २५२०च आहे. १ ते २० साठी याच रीतीने २३२७९२५६० येतात. त्याला कुठले कॅलेंडर लावणार?

कॅलेंडरचा गुणाकार जुळतो, कारण ७, ३० आणि १२ फोडले की तेच २, ३, ५, ७ निघतात. पण ३०×१२ म्हणजे ३६० दिवस, आणि त्याला पुन्हा ७ ने गुणून नेमके काय मोजले? महिना ३१ चा धरा : २६०४. ५, ८, ९, १०, कशानेच भाग जात नाही.

काही मजकुरांत "कोणत्याही संख्येने भाग जातो" असेही असते. कळमन्याच्या बाजारातली २५२० संत्री दहा जणांत वाटा, प्रत्येकी २५२. अकरावा आला की प्रत्येकी २२९, आणि एक संत्रे उरले.

राहिले रामानुजन. लसावि काढण्याची रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात आहे, आणि ५०४० ला १ ते १० ने भाग जातो हे प्लेटोने त्याच्याही आधी लिहून ठेवले आहे. रामानुजन यांचे काम याहून कितीतरी खोल. १९१५ च्या निबंधात त्यांनी अशा संख्या तपासल्या, ज्यांचे विभाजक त्यांच्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त असतात. २५२० त्यांपैकी एक. २५२० = २³×३²×५×७, म्हणजे तिचे घातांक ३, २, १, १; प्रत्येकात १ मिळवून गुणा : ४×३×२×२ = ४८ विभाजक. तिच्या आधीची १६८० (४० विभाजक), नंतरची ५०४० (६०). लहान मूळ संख्येकडून मोठीकडे जाताना अशा संख्यांचे घातांक कधी चढत नाहीत आणि शेवटचा घातांक १ असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६, हे त्यांनी सिद्ध केले.