‘झेपेल तेवढंच दुःख देव देतो’ असं वचन नाही

घरात मोठं आजारपण आलं, नोकरी गेली, कुणी वारलं, की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘देव झेपेल त्याहून जास्त दुःख देत नाही. परीक्षा मोठी, म्हणजे तुमचा विश्वास मोठा. रडू नका, धीर धरा.’ खाली बायबलमधला संदर्भ, १ करिंथ १०:१३, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय, तेरावं वचन.

आधी संदर्भच पाहू. त्या अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल अरण्यातून चाललेल्या इस्राएल लोकांची उदाहरणं देतो: मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर. तेराव्या वचनानंतर लगेच चौदाव्यात तो म्हणतो, मूर्तिपूजेपासून दूर पळा. म्हणजे वचन खरं आहे, पण ते पापाच्या मोहाबद्दल आहे: मोह कितीही जोराचा असो, देव निसटायची वाट ठेवतो. कॅन्सर किंवा कर्ज किती झेपेल, याचं माप तिथे दिलेलं नाही.

‘झेपेल त्याहून जास्त नाही’ हे तर पौलाच्याच अनुभवाशी जुळत नाही. २ करिंथ १:८-९ मध्ये तो सांगतो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नाही. कारणही तोच देतो: आम्ही स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. मेसेज माणसाला स्वतःची ताकद मोजायला लावतो. मग ती संपली की तो समजतो, आपला विश्वासच खोटा होता, आणि उपासनेला यायचं बंद करतो.

‘मोठी परीक्षा म्हणजे मोठा विश्वास’ याला आधारच नाही. बायबलमधल्या ईयोबावर दुःखाचे डोंगर कोसळले तेव्हा त्याच्या मित्रांचा हिशेब उलटा होता, मोठं दुःख म्हणजे मोठं पाप. देवाने तो ईयोब ४२:७ मध्ये फेटाळला. दुःखावरून माणसाचा विश्वास मापायची सवय दोन्हीकडे एकच.

‘रडू नका’ हे मात्र सगळ्यात घातक. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि ८८ वं तर अंधारातच संपतं. प्रार्थना सुचत नसेल तर १३ वं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत. वचनं १-२ मोठ्याने वाचा आणि ‘कुठवर?’ यापुढे स्वतःची अडचण नाव घेऊन सांगा. ३-४ वाचून नेमकं काय हवं ते मागा. ५-६ शेवटी. चूक होते ती इथे: लोक थेट पाचव्या वचनावर उडी मारतात, तक्रार आतच राहते आणि स्तुती ओठांवरची होते. पाचवं वचन आज म्हणवत नसेल तर चौथ्यावर थांबा, उद्या पुन्हा पहिल्यापासून.

राहिलं ‘धीर धरा’. १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोप, भाकर-पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर-पाणी; देव प्रश्न विचारतो तो होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. भेटीला जाणाऱ्यांनी हाच क्रम धरावा: जेवण झालं का, झोप लागते का, औषधं आणायची आहेत का हे आधी विचारा, मग एखादं छोटं वचन, छोटी प्रार्थना. निघण्यापूर्वी पुढच्या भेटीचा वार ठरवा, कारण पहिल्या आठवड्यानंतर गर्दी ओसरते. आणि माणूस मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या; प्रार्थना वाटेतही करता येते.