‘टीपीएम सापडत नाही, म्हणजे कॉम्प्युटर भंगार’? पुढची ओळ वाचलीत का?

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. विषय टीपीएमचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या एका भागाचा; विंडोज ११ ला तो लागतो. त्याचा सारांश असा: विंडोज १० बंद झालं, आता जुना कॉम्प्युटर चालणार नाही. ‘रन’मध्ये टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. ‘कम्पॅटिबल टीपीएम कॅनॉट बी फाउंड’ असं आलं तर मशीन भंगार. टीपीएम दिसलंच तर ती हेरगिरीची चिप आहे, ‘क्लिअर’ करून टाका. नवीन घ्यायचं नसेल तर सोबतची फाइल चालवा, विंडोज ११ बसेल. पुरावा म्हणून खाली एक स्क्रीनशॉट.

हे माझ्या मामांपर्यंत पोचलं. त्यांनी २०१८ साली असेंबल करून घेतलेला धडधाकट डेस्कटॉप एक्स्चेंजमध्ये मातीमोल भावात द्यायचं दुकानदाराशी बोलूनही ठेवलं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘विंडोज १० बंद झालं.’ बंद झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. कॉम्प्युटर पूर्वीसारखाच सुरू होतो. धोका आहे, पण तो हळूहळू वाढणारा आहे. दुसऱ्या दिवशी पडदा काळा होणारा नाही.

आता तो स्क्रीनशॉट. तो मधेच कापलेला आहे. त्याच चौकटीत, त्याच मजकुराला लागून पुढचं वाक्य असतं: या कॉम्प्युटरमध्ये टीपीएम १.२ किंवा पुढचं आहे का आणि ते बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) चालू केलेलं आहे का, ते तपासा. विंडोज स्वतः सांगतंय की टीपीएम असूनही बंद असू शकतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमकं तेच वाक्य उडवलं, आणि लोक चालू मशीन विकायला निघाले. याचा मला खरा संताप आहे.

टीपीएमसाठी वेगळी चिप असायलाच हवी असंही नाही. इंटेलमध्ये ते ‘पीटीटी’ नावाने आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ नावाने फर्मवेअरमध्येच, म्हणजे हार्डवेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच येतं. मायक्रोसॉफ्टने २८ जुलै २०१६ पासून विंडोज १० च्या नव्या मॉडेलांना टीपीएम २.० बंधनकारक केलं, म्हणून त्यानंतरच्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ते बहुधा चालूच सापडतं. असेंबल केलेल्या मशीनचं तसं नाही. मदरबोर्ड विकत घेतला, जोडला, विंडोज टाकलं. बायोसमधल्या त्या पर्यायाला कुणी हातच लावलेला नसतो. मायक्रोसॉफ्टचं टीपीएम चालू करण्याबद्दलचं स्वतंत्र मदतपान आहे. तो पर्याय ‘ॲडव्हान्स्ड’, ‘सिक्युरिटी’ किंवा ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग’ या मेनूंत शोधा, असं तिथे सरळ लिहिलंय.

मामांच्या मशीनवर मी तेच केलं. आय-३ ८१००, म्हणजे आठवी पिढी. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेले, पीटीटी ‘डिसेबल्ड’ होतं, ते ‘एनेबल्ड’ केलं, सेव्ह करून बाहेर. पुन्हा टीपीएम डॉट एमएससी उघडलं: ‘द टीपीएम इज रेडी फॉर यूज’, स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०. पैसा लागला नाही.

विंडोज ११ ला सिक्युअर बूटची सोयही लागते, म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासाचंच सॉफ्टवेअर चालू देणारी. तिचं काम मात्र जपून. ‘रन’मध्ये एमएसइन्फो३२ टाकलं की ‘बायोस मोड’ दिसतो. तिथे ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर बायोसमध्ये जाऊन थेट यूईएफआय (नवी पद्धत, सिक्युअर बूटला हीच लागते) करू नका, विंडोज उघडणार नाही. आधी डेटाचा बॅकअप, मग विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्कची रचना बदलायची, आणि नंतर मोड.

‘हेरगिरीची चिप, क्लिअर करा.’ टीपीएमला स्वतःचं इंटरनेट नसतं, ते तुमचे फोटो बघत नाही. एन्क्रिप्शनच्या (डेटा कुलूपबंद करण्याच्या) किल्ल्या सांभाळणं आणि सुरू होताना कुणी फेरफार केलाय का याची नोंद ठेवणं, हे त्याचं काम. ‘क्लिअर’ म्हणजे त्या किल्ल्या पुसणं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप, चालू असेल तर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती जवळ नसेल तर सगळी ड्राइव्ह गेली. हा सल्ला देणाऱ्याला त्याची गंधवार्ता तरी आहे का?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. काही चांगली मशीन विंडोज ११ साठी खरोखरच अपात्र ठरतात. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे जवळपास सगळे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत, मग टीपीएम २.० असो वा नसो. ही तक्रार रास्त आहे. पण हे कळायला मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा, ते कारणासकट सांगतं. अडचण टीपीएमची की प्रोसेसरची, हे कळल्याशिवाय निर्णय घेऊ नका. टीपीएम बहुतेक वेळा चालू करता येतं. प्रोसेसरला इलाज नाही.

राहिली ती ‘सोबतची फाइल’. कुठून आली माहीत नसलेली फाइल ॲडमिन परवानगी देऊन चालवायची, तीही सुरक्षेच्या नावाखाली? अजिबात नाही. पात्र नसलेल्या मशीनवर विंडोज ११ घातलं तर अपडेट मिळण्याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय.

खरंच अपात्र असेल तर विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. व्हर्जन २२एच२ हवं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्ज सिंक केली तर पैसेही पडत नाहीत. नोंदणीची लिंक विंडोज अपडेटच्या पानावरच दिसते. तेही नको असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतं. प्रिंटर आणि मराठी टायपिंग त्यावर नीट चालतंय का, ते तेव्हाच तपासा.