दिरहम चोवीसच्या पुढं गेला, म्हणून भाच्याचा पगार वाढला का?

डिसेंबर 2025 मध्ये डॉलरनं नव्वदी ओलांडली. तेव्हापासून आमच्या परभणीच्या पाव्हण्यारावळ्यांत एक मजकूर फिरतोय : "रुपया पडला, आखातवाल्यांची चांदी! पगार बसल्या जागी वाढला. तिथलं चलन डॉलरला बांधलेलं, महागाईची झळ नाही. पोरांना बिनधास्त परदेशी धाडा." माझा भाचा अमिरातीत, शारजात एसी दुरुस्त करतो. तिथलं चलन दिरहम. अक्कानं हे वाचलं आणि त्याच्याकडं लगेच घराच्या स्लॅबचं काढलं. म्हणून हे लिहायला बसलो.

पगार वाढला म्हणे. कुठं? दोन हजार दिरहम मिळत होते, दोन हजारच मिळतात. खोलीचं भाडं, मेसचा डबा, बस, सगळं दिरहमातच जातं. आमचे आजोबा निजामाच्या राज्यातले. इकडं निजामाचा रुपया म्हणजे हाली सिक्का, सरहद्दीपल्याड बार्शीला इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार, आणि भाव सात हालीला सहा कलदार. बार्शीला मजुरी करणाऱ्याच्या सहा कलदारांचे गावात सात व्हायचे खरे, पण बार्शीतलं जेवण तो कलदार देऊनच जेवायचा. सात व्हायचे ते फक्त गावाकडं आणलेल्या पैशाचे.

मग आणलेल्या पैशाचंच बघू. 2014 मध्ये दिरहम साधारण साडेसोळा रुपयांचा होता, नव्वदीच्या डॉलरला तो साडेचोवीसचा होतो. म्हणजे घरी हजार दिरहम पाठवले तर तेव्हा 16,500 रुपये यायचे, नव्वदीच्या भावानं 24,500 येतात. आठ हजार जास्त! पण या अकरा वर्षांत आपल्याकडची महागाई सरासरी वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास राहिली. त्या हिशेबानं 2014 चे 16,500 आज 28,000 च्या वर असायला हवेत. दिरहमातला पगार जागचा हलला नसेल, तर भाव वाढूनही घरच्यांच्या हातात तेव्हापेक्षा कमीच पडतंय. सिमेंट, सळई आणि मिस्त्रीची मजुरी दिरहमाचा भाव विचारून ठरत नाही.

"चलन बांधलेलं, म्हणून महागाई नाही" हा तर सरळ घोटाळा आहे. 1997 पासून एका डॉलरला 3.6725 दिरहम हा भाव पक्का आहे. पक्का आहे तो चलनाचा भाव, किराणा आणि भाडं नव्हे. अमिरातीनं 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, लावला. सौदीनंही तेव्हाच 5 टक्के लावला आणि जुलै 2020 मध्ये एकदम 15 केला. शिवाय सौदीत परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागं 2017 पासून महिना 100 रियाल शुल्क सुरू झालं, ते 2020 पर्यंत 400 वर गेलं. बायको आणि दोन लेकरं म्हणजे महिन्याला 1,200 रियाल. कित्येकांनी त्यापायी बायका-पोरांना गावी पाठवून दिलं. आणि कांद्याची गंमत बघा : 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं निर्यात बंद केली. इकडं वैजापूर-लासूरकडच्या शेतकऱ्याचा भाव पडला, तिकडं आखातात कांदा महागला. बाप इथं रडला, पोरगा तिथं.

पोरांना धाडायचं म्हणाल तर हिशेब चक्क उलटा बसतो. शिकायला जाणारा रुपयाच घेऊन जातो. वर्षाची 20,000 डॉलर फी 2022 च्या सुरुवातीला पंधरा लाखांत बसायची, नव्वदीच्या भावानं ती अठरा लाख होते. मंजूर झालेलं कर्ज मात्र तेवढंच राहतं. त्यात परदेश म्हणजे नुसता डॉलर नव्हे. जपानचा येन 2012 मध्ये 67 पैशांच्या आसपास होता, 2024 मध्ये 55 वर आला. रुपया पडत असतानाही तिथून पैसे पाठवणाऱ्याला कमीच मिळाले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2022 ला महागाई 11.1 टक्क्यांवर होती, ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र कबूल. एजंटाला द्यायला काढलेलं कर्ज रुपयात असेल, तर महागड्या दिरहमानं ते लवकर फिटतं. अक्काला हे सगळं वहीवर मांडून दाखवलं. ती म्हणाली, "मग अजून भाव चढेपर्यंत पैसे तिकडंच ठेव म्हणू का त्याला?" म्हटलं, नको. त्याच्या कर्जावर सावकाराचं व्याज महिन्याला तीन टक्के आहे, दिरहम महिन्याला तेवढा चढत नाही. आधी ते फेडा, स्लॅबचं मग बघू.