महू कोणाचं? रामबागेच्या कट्ट्यावरचा वाद

रविवारी पोहे-जिलेबी हाणून झाली की आमची मंडळी इंदूरच्या रामबागेत कट्ट्यावर बसतात आणि विषय कुठून कुठे जाईल त्याचा नेम नाही. यावेळी इंदूरजवळचं छावणीचं गाव महू निघालं आणि वाद असा पेटला की म्हटलं लिहूनच काढू.

सुरुवात बँकवाल्या दादाने केली. "काही म्हणा, महू म्हणजे साहेबाची कृपा. साहेब आला नसता तर तिथे आज एक खेडं असतं. ते सरळ रस्ते, ते बंगले, ते चर्च, ती रेल्वे, आहे काय आपलं त्यात?"

मला हे ऐकवत नाही. म्हटलं दादा, साहेब तिथे गाव वसवायला आला नव्हता, आपल्या उरावर बसायला आला होता. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांची फौज हरली, गादीवर मल्हारराव दुसरे, म्हणजे अगदी पोर, आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलुख गेला, खानदेश गेला, आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज होळकरांच्या राज्यात कायमची येऊन बसली. त्याच 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि त्याच वर्षी माल्कमसाहेबाने महूची छावणी टाकली. इंदूरपासून किती? तेवीस-चोवीस किलोमीटर. शहरात रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाची कोठी, आणि पाठीमागे तोफखाना, राजाने करायचं काय?

"मग जागा तरी त्याने चांगली शोधली ना," दादा.

इथे काका पेटले. काका रेल्वेतून रिटायर आहेत आणि महूच्या घाटाबद्दल कोणी हलकं बोललेलं त्यांना खपत नाही. म्हणाले, जागेचं बोलतोस तर जागा नीट समजून घे. महू हे माळव्याच्या पठाराचं अगदी टोक. तिथल्याच जानापाव डोंगरावर, 854 मीटरवर, चंबळ उगम पावते आणि उत्तरेला यमुनेकडे जाते, आणि तिथून थोडं दक्षिणेला सरकलास की चोरल नदी विंध्याच्या उतारावरून नर्मदेला मिळते. म्हणजे एकाच तहसिलीत पडलेला पाऊस, अर्धा बंगालच्या उपसागराकडे आणि अर्धा भडोचकडे, अरबी समुद्रात. निमाडातून, नर्मदेकडून वर माळव्यात यायचं तर हा घाट चढावा लागतो आणि घाटाचं तोंड ज्याच्या हातात त्याच्या हातात रस्ता. आपल्या लोकांना हे साहेबाच्या आधीपासून ठाऊक होतं, अहिल्याबाईंची महेश्वरची गादी आणि इंदूर यांच्यामध्ये हाच विंध्य उभा आहे.

"आणि रेल्वे?" दादा काही सोडेना.

रेल्वेचं तर मला सगळ्यात जास्त लागतं, कारण शाळेपासून इंग्रजांनी रेल्वे दिली हेच डोक्यात भरलंय आपल्या. 1870 साली होळकरांच्या गादीवरचे तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांसाठी, तेव्हा खांडवा-इंदूर लाइन झाली. नावच होतं होळकर स्टेट रेल्वे. 1870 चा एक कोटी म्हणजे काय रक्कम होती याचा विचार करा जरा! माळव्यातल्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून आलेला पैसा तो. आणि घाटातला खडक फोडला कोणी, बोगदे खणले कोणी? साहेबाने नकाशा काढला असेल, घण मजुरांच्याच हातात होता.

काकांनी मग घाट डोळ्यापुढे उभा केला. पातालपानी ते कालाकुंड, चाळीसला एक असा चढ, मीटरगेजची गाडी वर येताना मागून दुसरं इंजिन ढकलायला लावायचे, खाली उतरताना आधी पातालपानीला थांबून ब्रेक तपासायचे आणि मगच सोडायचे. तिथेच इंग्रजांशी लढलेल्या भिल्ल टंट्या मामांचं ठाणं, म्हणजे देवस्थान. इंग्रजांनी 1889 मध्ये जबलपूरला त्यांना फाशी दिलं, पण त्यांच्या ठाण्यासमोर ड्रायव्हर गाडी क्षणभर उभी करून, सलामी देऊनच पुढे काढायचे. खाली कालाकुंडला गाडी लागली की पानात बांधलेला कलाकंद खिडकीतून आत यायचा, हात भाजेल इतका ताजा.

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या, त्यांचं माहेर महूचं. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळे राजे आणि साहेब यांच्यातच अडकलात, गावात राहिलं कोण ते बोला ना. बरोबरच आहे त्यांचं. छावणी म्हणजे फक्त गोरे ऑफिसर नव्हेत. 1 जुलै 1857 ला सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर सआदत खान आणि होळकरांच्या शिपायांनी हल्ला केला आणि त्याच रात्री महूच्या देशी पलटणी उठल्या, ते छावणीतलेच लोक. आणि मुंबई इलाख्याच्या फौजेत आपले महार सैनिक होते म्हणून कोकणातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ सुभेदार म्हणून, फौजेच्या शाळेत शिकवायला महूला आले आणि 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब तिथे जन्मले. "आमच्याकडे 14 एप्रिलला येऊन बघा," वहिनी म्हणाल्या, "नागपूर, अकोला, जळगाव, कुठून कुठून लोक येतात, स्टेशनवरच सतरंज्या टाकतात, म्हाताऱ्या बायका मराठीत पत्ता विचारतात आणि हिंदी बोलणारा दुकानदार त्यांना हाताला धरून स्मारकापर्यंत सोडतो." 2003 मध्ये गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं ते उगाच नाही.

यावर दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, पैसा होळकरांचा, घाम मजुरांचा, मानलं, पण छावणी पडली नसती तर रामजी सुभेदार तिथे आलेच नसते, म्हणजे साहेबाचा हात आहेच.

आहे, नाही कोण म्हणतं? पण हात असणं आणि मालकी असणं यात फरक आहे की नाही? आता नवी ब्रॉडगेज लाइन जुना घाट टाळून दुसऱ्या बाजूने जातेय, आणि पातालपानी-कालाकुंडचा तुकडा हेरिटेज गाडीसाठी ठेवलाय, 2018 पासून ती चालते. चांगलंच झालं. पण त्या गाडीत बसणाऱ्याला फक्त धबधबा आणि बोगदे दाखवून भागणार नाही, होळकरांच्या कर्जाचा, व्याजाच्या दराचा बोर्ड पातालपानी स्टेशनवर लागला पाहिजे, मराठीत आणि हिंदीत दोन्हीत. काका म्हणाले अर्ज मी लिहितो, सह्या तुम्ही गोळा करा, आणि पहिली सही त्यांनी दादाकडे मागितली. त्याने केली, पण खाली "साहेबाचा नकाशाही लावावा" असं लिहून, आणि त्यावरून वहिनी आणि तो पुन्हा सुरू झाले.