जनगणनेच्या दप्तरात पणजोबांचे नाव मिळत नाही

१९३१च्या जनगणनेतून आपल्या पणजोबांच्या नावाचा उतारा मिळतो, असा जो मजकूर सध्या फिरत आहे, तो खरा नाही. त्या जनगणनेच्या छापील खंडांत जाती, धर्म, व्यवसाय यांचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांतील घरोघरची माहिती १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५नुसार कोणालाही पाहता येत नाही. नावे सापडतात ती तहसीलच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना १४मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, जिथे मोडी लिपीतल्या एकेका ओळीत जन्म-मृत्यूच्या नोंदीसोबत बापाचे नाव आणि बहुधा जातही लिहिलेली असते. ती पाने हाताळताना तुटतात आणि मोडी सहसा वाचता येत नाही, म्हणून मोडीचा जाणकार सोबत न्यावा, ही कळकळीची विनंती. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावे नोंदवून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्याही अवश्य पाहाव्यात.